सामाईक भिंतीचे घर : पेठेतील जुन्या लहान वास्तूचे मोल कसे जोखावे

पुण्याच्या पूर्व भागातील नाना, भवानी, गंज, घोरपडे, गुरुवार आणि मंगळवार या पेठांच्या आतल्या बोळांमध्ये पाचशे ते आठशे चौरस फुटांच्या जागेवर उभी असलेली, तळमजला आणि वर एखादा मजला एवढीच उंची असलेली, दोन्ही अंगांनी शेजारच्या घरांना टेकलेली अशी जुनी लहान घरे अजूनही पुष्कळ आहेत. सदाशिव, नारायण, शनिवार या पश्चिमेकडील पेठांतील भाव साध्या नोकरदाराच्या किंवा लहान व्यावसायिकाच्या आवाक्याबाहेर गेल्यानंतर, मंडई, शाळा, दवाखाना आणि कामाचे ठिकाण पायी गाठता येईल अशा अंतरावर स्वतःच्या जमिनीसह घर घेण्याची जी थोडीफार संधी उरली आहे, ती बहुतांशी याच घरांत आहे. मात्र उपनगरातील नव्या सदनिकेचे मूल्यमापन ज्या पद्धतीने केले जाते, म्हणजे चौरस फुटाचा दर गुणिले क्षेत्रफळ, ती पद्धत येथे फारशी उपयोगी पडत नाही आणि पुष्कळदा थेट दिशाभूल करते.

याचे मुख्य कारण असे की, अशा घरात पूर्णपणे एकट्या मालकाचे म्हणता येईल असे फारच थोडे असते. भिंत शेजाऱ्याशी सामाईक असते, बोळ चार घरांचा असतो, सांडपाण्याची नळी दुसऱ्याच्या चौकातून गेलेली असते, पागोळ्या तिसऱ्याच्या अंगणात पडतात, मालकीत चुलतभावंडांचे आणि आत्यांचे हिस्से असतात, मागच्या खोलीत पन्नास वर्षांपासूनचा भाडेकरू असतो आणि दर्शनी बाजूच्या दोन-तीन फुटांवर महानगरपालिकेच्या रस्तारुंदीची रेषा आखलेली असते. म्हणून जुन्या घराचे मोल ठरवणे म्हणजे मुळात या सामाईकपणाची मोजदाद करणे होय, म्हणजे कोणत्या गोष्टीत कोणाचा किती वाटा आहे, तो कागदावर आहे की केवळ वहिवाटीत, आणि तो सोडवून घेता येण्यासारखा आहे की आहे तसा स्वीकारावा लागणार आहे, हे ठरवणे. घराची पडझड ही त्या मानाने सोपी बाब आहे, कारण पडझड डोळ्यांना दिसते आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च गवंडी सांगू शकतो.

तरीही सुरुवात वास्तूपासूनच करणे योग्य, कारण तिचे वय आणि बांधणी समजल्याशिवाय पुढचे प्रश्न नेमके विचारता येत नाहीत. पेठांतील जुनी घरे ढोबळमानाने तीन प्रकारची आढळतात. पहिला प्रकार लाकडी सांगाड्याचा, ज्यात खांब, तुळया आणि कड्या वरचा भार पेलतात आणि विटा-मातीच्या भिंती त्या सांगाड्यामधली जागा भरून काढतात. दुसरा भारवाहक भिंतींचा, ज्यात चुन्यात किंवा सिमेंटमध्ये रचलेली जाड वीटभिंतच पाटणीचा किंवा स्लॅबचा भार घेते. आणि तिसरा लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या खांब-तुळयांचा, जो स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत हळूहळू रूढ झाला. प्रत्यक्षात पुष्कळ घरे या तिन्हींचे मिश्रण असतात, म्हणजे तळमजला जुन्या लाकडी सांगाड्याचा, त्यावर नंतर चढवलेली वीटकामाची माडी आणि मागे अलीकडे ओतलेला शौचालयाचा स्लॅब. अशा मिश्र बांधणीत धोका बहुधा सांध्यांमध्ये असतो, कारण तीन काळांतल्या तीन बांधकामांचे पाये वेगवेगळ्या खोलीचे असतात आणि ती वेगवेगळ्या गतीने खचतात.

लाकडी सांगाड्याचे घर पूर्वी ‘खणां’त मोजले जाई. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात, आणि तीन खणी किंवा पाच खणी घर म्हटले की त्याची लांबी आपोआप कळत असे. ही मोजणी आजही उपयोगाची आहे, कारण मधला एखादा खांब काढून दोन खण एक केलेले असतील, तर त्या जागी तुळईवर मूळ हिशोबापेक्षा कितीतरी अधिक भार आलेला असतो. बैठकीची खोली मोठी दिसावी किंवा दर्शनी भागात दुकानाचा गाळा काढता यावा म्हणून असे खांब काढण्याचे प्रकार पेठांत सर्रास झालेले आहेत. वरच्या मजल्यावर उभे राहून जमिनीचा उतार पाहिला, किंवा एखादी गोटी सोडून ती कोणत्या दिशेने घरंगळते हे पाहिले, तर खाली कोणता खांब नाहीसा झाला आहे याचा अंदाज तेथेच येतो.

खांबाची परीक्षा त्याच्या बुंध्याशी करावी. सागवानी खांब थेट जमिनीत न रोवता दगडी तळखड्यावर उभा केलेला असतो, आणि या योजनेचा हेतू लाकूड ओलीपासून दूर ठेवणे हाच असतो. पुढे घराची जमीन शहाबादी फरशीने, मग मोझॅकने आणि नंतर चकचकीत लाद्यांनी एकावर एक चढवली गेली की तळखडा जमिनीखाली गाडला जातो आणि खांबाचा बुंधा ओल्या चुन्या-सिमेंटच्या भरावात अडकतो. वरून तैलरंग दिलेला खांब पूर्ण शाबूत दिसतो. परंतु जमिनीलगतच्या चार बोटांवर टोच्या किंवा स्क्रू-ड्रायव्हर रेटला असता तो लोण्यात शिरावा तसा आत गेला, तर तो खांब केवळ रंगाच्या कवचावर आणि सवयीवर उभा आहे असे समजावे. चांगल्या सागावर हाच टोच्या जेमतेम खुणेपुरता रुततो. तुळईच्या बाबतीत भिंतीत घुसलेले टोक तपासावे लागते, कारण भिंत भिजते तेथे तुळईचे टोक प्रथम कुजते. आणि वाळवीच्या बाबतीत मातीच्या बारीक नळ्या कोठून वर चढल्या आहेत हे पाहावे लागते, ज्या बहुधा मोरीच्या मागील बाजूस किंवा देवघराच्या कोनाड्यात सापडतात. वाळवी आहे म्हणून घर टाकून देण्याचे कारण नाही, कारण जुना पक्व साग तिला पुष्कळ काळ दाद देत नाही आणि ती बहुधा नंतर बसवलेल्या हलक्या लाकडात, चौकटीत आणि फळ्यांत शिरलेली असते.

भिंतींच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज गिलाव्याविषयी आहे. मातीत किंवा चुन्यात बांधलेली जुनी भिंत पायथ्याकडून ओल शोषते आणि ती ओल पृष्ठभागावरून हवेत सोडून देते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे ही ये-जा त्यातून सुरळीत चालते. अशा भिंतीवर नंतरच्या दुरुस्तीत सिमेंटचा घट्ट गिलावा चढवला की ओलीची बाहेर पडण्याची वाट बुजते, ओल भिंतीत वर वर चढत जाते, आणि तिच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे साठून फुलतात. यालाच भिंतीला लोणा लागणे म्हणतात. विक्रीपूर्वी दिलेला ताजा रंग, कमरेएवढ्या उंचीपर्यंत लावलेल्या टाइल्स किंवा प्लायवुडचे आच्छादन यांच्यामागे पुष्कळदा हा लोणाच दडवलेला असतो. बोटाच्या पेराने गिलाव्यावर टकटक करत गेले असता भरीव आवाज एकाएकी पोकळ होतो, तेथे गिलावा भिंतीपासून सुटलेला आहे हे कळते, आणि पोकळ आवाजाची रेषा जमिनीपासून किती उंच आहे यावरून ओलीची चढाई मोजता येते. याची दुरुस्ती अवघड नाही, पण तिची दिशा उलटी आहे : आणखी सिमेंट चोपडण्याऐवजी असलेले सिमेंट खरवडून काढून पुन्हा चुन्याचा गिलावा करावा लागतो. चुन्याचे काम जाणणारे गवंडी मिळवणे हीच त्यातली खरी अडचण आहे.

भेगांचे वाचन हे स्वतंत्र शास्त्र आहे, पण त्यातील काही खुणा कोणालाही ओळखता येतात. रंगाच्या थरातील केसासारख्या बारीक भेगा निरुपद्रवी असतात. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघून विटांच्या सांध्यांवरून पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेली, पाच मिलिमीटरपेक्षा रुंद भेग पाया असमान खचल्याचे सांगते. आणि आडव्या भिंतीच्या सांध्यातून सुटून बोळाकडे कललेली दर्शनी भिंत, म्हणजे घराला ‘पोट आले’ असे ज्याला म्हणतात ती अवस्था, सर्वांत गंभीर मानावी. भेग जुनी आणि थांबलेली आहे की अजून चालू आहे हे अधिक महत्त्वाचे असते. त्यासाठी भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून तारीख लिहून ठेवण्याची जुनी रीत आहे. पट्टी तडकली तर भिंत हलते आहे. व्यवहाराची बोलणी दोन-तीन महिने चालत असतील, तर विक्रेत्याच्या परवानगीने एवढी तपासणी अवश्य करून घ्यावी. काँक्रीटच्या घरात हेच काम छतावरील तपकिरी डाग आणि उघड्या पडलेल्या सळ्या करतात : हवेतील कर्बवायू आणि ओल काँक्रीटमध्ये शिरून त्याचे रासायनिक कवच कमकुवत करतात, सळई गंजते, गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्यामुळे ते बाहेरचे काँक्रीट फोडते आणि स्लॅबचे पोपडे पडू लागतात. मोरीखालच्या आणि शौचालयाखालच्या छताकडे प्रथम पाहावे ते याचसाठी.

पेठांतील जमिनीखालीही इतिहास आहे, आणि तो कधीकधी घर खचवतो. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणणारा नळ बांधला, त्यावर शहरात हौद भरले जात. त्याखेरीज कित्येक वाड्यांत स्वतःचे आड होते. नळाचे पाणी घरोघर आल्यावर हे आड राडारोड्याने बुजवले गेले, वरून फरशी झाली, आणि वाड्याचे हिस्से पडून एकाची चार घरे झाली, तेव्हा आड नेमका कोणाच्या खोलीखाली गेला हे विसरले गेले. नीट न दाबलेला भराव दशकानुदशके बसत राहतो. खोलीच्या मध्यभागी फरशी बशीसारखी खोलगट झालेली असेल, तर शेजारच्या वृद्ध रहिवाशांना येथे आड होता का एवढे विचारावे. नकाशात न सापडणारे उत्तर तेथे मिळते. सांडपाण्याबाबतही प्रत्यक्ष पाहण्याला पर्याय नाही. चेंबर कोठे आहे, ते उघडून आपल्या मोरीतून ओतलेले पाणी त्यात किती वेळाने येते, आणि तेथून पुढे नळी कोणाच्या जागेखालून मुख्य वाहिनीला मिळते, हे पाहिल्यावर निम्मे भावी तंटे आधीच कळतात. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 नुसार दुसऱ्याच्या जागेतून वाट, पाणी, सांडपाणी किंवा उजेड घेण्याचा वीस वर्षांचा शांत, उघड आणि अखंड उपभोग हक्काचे रूप घेऊ शकतो. अशा हक्काला सुविधाधिकार म्हणतात. हा नियम दोन्ही दिशांनी चालतो. खरेदीदाराच्या नळीला तो संरक्षण देतो, त्याचप्रमाणे खरेदीदाराच्या अंगणातून जाणाऱ्या शेजाऱ्याच्या वाटेलाही देतो.

घराबाहेर पडून बोळाकडे पाहिले की मूल्यमापनाचा दुसरा भाग सुरू होतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली महानगरपालिकेला रस्त्याची नियमित रेषा ठरवता येते, आणि विकास आराखड्यातही रस्त्यांच्या प्रस्तावित रुंदी दाखवलेल्या असतात. घर आहे तसे उभे असेपर्यंत ही रेषा बहुधा कागदावर राहते. मात्र ते पाडून नवे बांधायचे ठरले की रेषेच्या बाहेरची जमीन सोडावी लागते. सोडलेल्या जमिनीचा मोबदला बांधकाम-हक्काच्या रूपाने मिळू शकतो, पण चार-पाच मीटर दर्शनी रुंदीच्या जागेवर जिना, सामासिक अंतर आणि वाहनतळ बसवल्यावर तो हक्क प्रत्यक्ष वापरता येईल इतकी जागाच उरत नाही. म्हणून लहान जागेच्या बाबतीत ‘येथे किती चटई क्षेत्र मिळेल’ हा दलालाचा आवडता प्रश्न दुय्यम आहे, आणि ‘येथे किती चटई क्षेत्र मावेल’ हा खरा प्रश्न आहे. डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीच्या भागासाठी वेगळ्या तरतुदी आहेत, आणि परवानाधारक वास्तुविशारदाकडून त्या विशिष्ट जागेचा कच्चा आराखडा काढून घेतल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

कसबा किंवा शनिवार पेठेकडे घर पाहिले जात असेल, तर आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती पहिले 100 मीटर हे प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर हे विनियमित क्षेत्र असते, आणि शनिवारवाडा हे असे स्मारक असल्यामुळे प्रतिबंधित पट्ट्यात जुने घर पाडून नवे उभारता येत नाही, दुरुस्तीसाठीही परवानगी लागते. तेथील घर पुनर्विकासाच्या आशेने चढ्या भावात घेणे चुकीचे ठरेल. राहण्यासाठी आणि जपण्यासाठी मात्र ते घेता येते. नदीलगतच्या भागांत पूररेषाही पाहावी. मुठेच्या काठच्या पेठांनी 12 जुलै 1961 रोजी पानशेत आणि खडकवासला धरणे फुटल्यानंतरचा पूर पाहिला आहे, आणि मातीत बांधलेल्या भिंती उभ्या पाण्यात कशा विरघळतात याचा धडा तेथे मिळालेला आहे. जलसंपदा विभागाच्या नकाशांत निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या पुराची असते. पूर्वेच्या पेठांत नागझरीच्या प्रवाहालगतची घरे याच दृष्टीने तपासावीत, कारण आता तो बंदिस्त नाल्यासारखा दिसत असला तरी पाण्याचा उतार बदललेला नाही.

यानंतर कागद. शहरातील जमिनीची मूळ नोंद नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिकेत असते, जिला बोलीभाषेत प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. त्यावर सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, सत्ताप्रकार, धारकांची नावे आणि वेळोवेळी झालेले फेरफार दिसतात. सत्ताप्रकार म्हणजे जमीन पूर्ण मालकीची आहे की शासनाकडून भाडेपट्ट्याने वा अटींवर मिळालेली आहे याची खूण, आणि अटींची जमीन असेल तर विक्रीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागू शकते. महानगरपालिकेची मिळकतकराची पावती मालकी सिद्ध करत नाही; परंतु कर आकारणीचा उतारा एका वेगळ्या कारणासाठी मोलाचा आहे, कारण त्यावर भोगवटादारांची नावे असतात आणि विक्रेत्याने न सांगितलेला भाडेकरू तेथे प्रथम दिसतो. पत्रिकेवरील क्षेत्र आणि जागेवरील क्षेत्र यांत फरक आढळणे हे पेठांत नित्याचे आहे; त्यासाठी भूमिअभिलेख विभागाकडून मोजणी करून घेऊन तिच्या नकाशाची ‘क’ प्रत मिळवावी. सामाईक भिंतीचा प्रश्नही तेथेच निकालात निघतो, कारण हद्दीची रेषा भिंतीच्या आतून जाते, मधोमध जाते की बाहेरून जाते हे त्या नकाशावरून ठरते.

मालकीतील हिश्श्यांचा गुंता हा या सर्वांत चिवट विषय आहे. आजोबांच्या नावावरील घर वाटणी न होता तिसऱ्या पिढीपर्यंत आले की पत्रिकेवर पंधरा-वीस नावे असणे अगदी शक्य असते, आणि त्यांतील काही जण परदेशात, काही दिवंगत असतात. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये केलेल्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. 2005 मध्ये वडील हयात नसले तरी हा हक्क बाधित होत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे ‘बहिणींनी तोंडी हक्क सोडला आहे’ हे विधान खरेदीदाराने कधीही ग्राह्य धरू नये. नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी हवे, किंवा त्या बहिणींची विक्रीखतावर सही तरी हवी. यात केवळ खरेदीदाराची सुरक्षितता नाही. ज्या स्त्रियांचा वाटा पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरून गिळला गेला, त्यांना तो मोजून देण्याची ही बहुधा शेवटची वेळ असते, आणि सरळ खरेदीदार येथे आग्रह धरू शकतो. एकाच वारसाचा हिस्सा स्वस्तात मिळतो म्हणून तो घेणे तर फारच धोक्याचे, कारण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 44 नुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा घेणाऱ्या परक्या माणसाला त्या घराचा संयुक्त ताबा मागता येत नाही. त्याच्या वाट्याला वाटणीचा दावाच येतो. किमान तीस वर्षांच्या नोंदींचा वकिलाकडून शोध आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस ही किमान काळजी होय.

भाडेकरू असलेल्या घराचा हिशोब पूर्ण वेगळा करावा लागतो. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण कायम ठेवले असून भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीचीच मुभा दिली आहे. घर विकले गेले तरी भाडेकरार संपत नाही, केवळ मालक बदलतो. भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे तो हक्क जातो. आणि इमारत पाडली गेल्यानेही भाडेकरूचा हक्क आपोआप नष्ट होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये म्हटले आहे. त्यामुळे घर धोकादायक ठरवून घेतले की भाडेकरू जाईल हा हिशोब कायद्याने टिकत नाही आणि माणुसकीनेही टिकू नये, कारण ज्या खोलीला बाजारात काही मोल नाही असे वाटते, तीच त्या कुटुंबाची एकमेव मत्ता असते. योग्य मार्ग असा की भाडेकरूशी आधी बोलून, त्याला रोख मोबदला किंवा नव्या बांधकामात जागा देण्याचा करार विक्रेत्याच्या उपस्थितीत करून, ती रक्कम घराच्या किमतीतून वजा करावी. याच कायद्याने भाडेकरूला आपला हक्क सोडताना पागडी घेणे वैध ठरवले आहे, त्यामुळे हा व्यवहार उघडपणे आणि कागदावर करण्यात कोणतीही अडचण नाही.

आता आकडे मांडून पाहता येतील. पुढील दर केवळ उदाहरणासाठी गृहीत धरलेले आहेत. समजा जागा 5 मीटर रुंद आणि 12 मीटर खोल, म्हणजे 60 चौरस मीटर आहे, दोन्ही मजल्यांचे मिळून बांधकाम 75 चौरस मीटर आहे आणि घराचे वय 45 वर्षे आहे. रस्तारुंदीच्या रेषेत दर्शनी बाजूचे पाऊण मीटर जाणार असेल, तर 3.75 चौरस मीटर वजा होऊन 56.25 उरतात, जमिनीचा दर चौरस मीटरला 60,000 रुपये धरला, तर जमिनीचे मोल 33.75 लाख होते. तेवढेच बांधकाम आज नव्याने करायला चौरस मीटरला 25,000 प्रमाणे 18.75 लाख लागतील. परंतु 60 वर्षांचे आयुष्य आणि शेवटी उरणारे दहा टक्के भंगारमूल्य धरून 45 वर्षांचा घसारा, म्हणजे वापराने आणि काळाने आलेली घट, 67.5 टक्के होतो, आणि बांधकामाचे आजचे मोल सुमारे 6.09 लाख राहते. तातडीच्या दुरुस्तीला 5 लाख लागणार असतील, तर भिंती, छप्पर, रंग आणि टाइल्स या सर्वांचे निव्वळ मोल लाखभराच्या आसपास उरते. एकूण 34.84 लाखांत वास्तूचा वाटा इतका अल्प असताना विक्रेता मात्र नव्या स्वयंपाकघराच्या ओट्याकडे बोट दाखवून भाव सांगतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे बोलणी योग्य जागी आणता येतात. याच जागेच्या दोन्ही अंगांच्या भिंती प्रत्येकी 45 सेंटिमीटर जाड असतील, तर आतली वापराची रुंदी 4.10 मीटरच उरते आणि केवळ त्या दोन भिंतींनी 10.8 चौरस मीटर व्यापलेले असतात, म्हणजे एका बऱ्यापैकी खोलीएवढे क्षेत्र. त्या भिंती सामाईक असतील आणि हद्द मधोमध असेल, तर निम्मे क्षेत्र शेजाऱ्यांचे आहे.

किमतीवरचा खर्चही धरावा लागतो. पुणे शहरात सध्या मुद्रांक शुल्क अधिभारांसह पुरुषाच्या नावे सात टक्के आणि स्त्रीच्या नावे सहा टक्के, तर नोंदणी शुल्क एक टक्का पण कमाल 30,000 रुपये आहे. आणि शुल्काची आकारणी करारातील किंमत व शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसारचे मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर होते. गृहकर्ज देणारी बँक वास्तूचे उर्वरित आयुष्य आणि मालकीची सलगता पाहते, त्यामुळे लाकडी सांगाड्याच्या घराला कर्ज कमी मिळते किंवा मिळतच नाही, हेही आधीच विचारून घ्यावे. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकलेली आहे. तो अहवाल विक्रेत्याकडे असेल तर मागावा, नसेल तर स्वतंत्र अभियंत्याकडून करून घ्यावा, आणि त्याची फी हा या संपूर्ण व्यवहारातील सर्वांत सार्थ खर्च समजावा.

घर पाहायला जाण्याची वेळही विचारपूर्वक निवडावी. रविवारी दुपारी, बोळ रिकामा आणि ऊन स्वच्छ असताना, प्रत्येक जुने घर प्रसन्न दिसते. पहाटे नळाला पाणी येण्याच्या वेळी गेले म्हणजे दाब किती आहे, पंप लावल्याशिवाय माडीवर पाणी चढते का आणि शेजाऱ्यांचे पंप सुरू झाल्यावर काय होते हे दिसते. सायंकाळी गेले म्हणजे रुग्णवाहिका किंवा अग्निशमनाची गाडी बोळाच्या तोंडापर्यंत तरी येऊ शकेल का, हे उभ्या असलेल्या दुचाक्यांच्या रांगेवरून कळते, आणि भवानी पेठेच्या लाकूडबाजाराच्या आसपास हा प्रश्न जिवाशी निगडित आहे. जुलैतील सलग तीन-चार दिवसांच्या पावसानंतर कौले, पन्हळी, सामाईक भिंतीचा माथा आणि जिन्याखालचा अंधारा कोपरा पाहिला म्हणजे वर्षभर लपलेले सगळे उघड होते. त्याच फेरीत शेजाऱ्याचे दार वाजवून सामाईक भिंतीविषयी बोलावे : तिच्यात कोणाच्या तुळया रुतल्या आहेत, तिच्या माथ्याची डागडुजी आजवर कोण करत आले आहे, आणि उद्या एका बाजूचे घर उतरवले गेले तर दुसऱ्या बाजूला टेकू कोण देणार. या तीन प्रश्नांची उत्तरे दोन्ही घरांच्या सह्यांनी, हद्दीच्या नकाशासह, खरेदीखतापूर्वीच एका करारनाम्यात लिहून त्याची नोंदणी करता आली, तर पत्रिकेवरील कोणत्याही क्रमांकाइतकाच तो कागद पुढच्या पन्नास वर्षांत उपयोगी पडेल.